जबाबदारीचा रकाना

"हलू नकोस गं. मेलेली आहेस तू."

पल्लवी असं म्हणाली तेव्हा मी डांबरी रस्त्यावर उताणी पडले होते. जागा बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीमागची, आमच्या पाड्याच्या तोंडाशी. सकाळचे अकरा वाजलेले. डांबर तापलेलं, पाठ भाजत होती. गळ्यात सुतळीने पुठ्ठा बांधलेला, त्यावर जाड पेनाने लिहिलेलं, 'मृत ३'. नाकावर माशी बसली म्हणून मी मान हलवली. तेवढाच माझा गुन्हा.

त्याला रंगीत तालीम म्हणतात. कारखान्यातून वायू सुटला तर कोणत्या खात्याने काय करायचं, त्याची तालीम. भोंगा वाजतो. बंब येतो, रुग्णवाहिका येते, मुखवटे घातलेली माणसं धावतात. साहेब लोक घड्याळ बघून कागदावर वेळ लिहितात. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं. आणि कुणीतरी मरायला लागतं, जखमी व्हायला लागतं. ते काम आमचं. दर तालमीला पाड्यावरचेच बारा-पंधरा जण नेऊन आडवे करतात. गावातला एक माणूस त्या रस्त्यावर आडवा झालेला मी कधी बघितला नाही.

पल्लवी माझ्या डोक्याशी उभी होती. अंगात नारिंगी जॅकेट, पाठीवर 'ग्राम समन्वयक' अशी चमकणारी अक्षरं, हातात वॉकीटॉकी. तिची सावली माझ्या तोंडावर पडली होती आणि त्या सावलीने मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाच राग आला.

सल्लागार साहेब आले. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचे, त्यांनीच हा सगळा आराखडा बनवलेला. आमच्या रांगेवरून नजर फिरवून ते म्हणाले, "ह्या लोकांचं एक बरं आहे. मेकअपसुद्धा लागत नाही."

हसले. पल्लवीपण हसली. माझ्या बाजूला वहिनी पडली होती, माझ्या भावाची बायको. तिच्या गळ्यात 'गंभीर १'. साहेब काय बोलले ते तिला कळलंच नाही. मला कळलं. मी डोळे मिटून घेतले आणि मेलेलीच राहिले. तालीम संपल्यावर उठले, कपडे झटकले, रांगेत उभी राहिले आणि वडापाव घेतला. खाल्लापण. ते मी लपवणार नाही.

पल्लवीचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते शिकवायला नको.

माझं नि तिचं वय एक, शाळा एक, वर्ग एक. ती पुढच्या बाकावर, मी खिडकीकडच्या शेवटच्या. तिचं घर गावातलं मोठं. कारखान्यांना जमीन दिलेली, मग त्याच कारखान्यांत ट्रक लावलेले. आम्ही वारली. माझा बापूस गावाचं पाणी सोडायचा. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवायचा. अख्ख्या गावाचे हंडे त्याच्या हाताने भरायचे. आणि त्याला तहान लागली की पल्लवीच्या ओटीवर त्याच्यासाठी वेगळा पेला उपडा ठेवलेला असायचा. प्यायचं, विसळायचं, पुन्हा उपडा घालायचा. मी आठ-नऊ वर्षांची असेन, त्याच्या मागे मागे हिंडायचे. तेव्हा तो पेला मला खटकला नाही. मला खटकायचे पल्लवीचे मोजे. पांढरे, रोज धुतलेले. रात्री अंथरुणात पडून मी त्या मोज्यांचा विचार करायचे.

पाचवीत तिने मला तिची जुनी कंपासपेटी दिली. आणि वर्षभर वर्गाला सांगत राहिली, "ती माझीच आहे, मी दिली तिला." मी पेटी परत केली नाही. मला ती हवी होती.

दहावीनंतर ती पालघरला कॉलेजात गेली. मी, बापसाचे गुडघे गेल्यावर, त्याची चावी उचलली. ग्रामपंचायतीत मानधनावर पाणी सोडते. सकाळी गाव, संध्याकाळी पाडा. बाई हे काम करते म्हणून सुरवातीला लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण पाणी सगळ्यांना लागतं. आमचा पाडा नळाच्या शेपटाला. तिथं पाणी जेमतेम वीस मिनिटं टिकतं, तेही बारीक धारेने. म्हणून पाणी सोडलं की मी चावीने विजेच्या लोखंडी खांबावर तीनदा ठोकते. बापसाचीच रीत ती. आवाज आला की बायका असतील तशा हंडे उचलून धावतात.

आराखड्याचं काम सुरू झालं ते तालमीच्या दोन-तीन महिने आधी. पल्लवीला ग्राम समन्वयक नेमलं. कसं नेमलं ते विचारू नका, सरपंच तिचा काका. एक दिवस ती स्कूटरवरून पाड्यावर आली. हातात कोरी फाईल. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या अंगणात खाटेवर बसली.

"तुला सगळी घरं माहीत आहेत ना गं?" म्हणाली. "कुठे म्हातारं माणूस, कुठे बाळंतीण, कोण आंधळं, कोण बहिरं. संकटात आधी त्यांना काढायचं असतं."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. कुणीतरी मला विचारत होतं. तीन दिवस मी तिला घरोघर फिरवलं. लखमीकाकी ठार बहिरी, एकटी राहते, दुपारी दार आतून लावून झोपते. कडेच्या घरातला आजा दोन वर्षांत खाटेवरून उठलेला नाही. वरच्या आळीतल्या एकाला दम्याचा त्रास. हे मला कुणी शिकवलेलं नाही. कुणाचा हंडा रिकामा राहिला की का राहिला ते बघायला मी जाते, त्यातून कळलेलं. पल्लवीने सगळं लिहून घेतलं. अक्षर काय सुंदर तिचं. मला त्या अक्षराचासुद्धा हेवा वाटला.

मग पालघरला बैठक लागली. "तू पण चल, काही विचारलं तर," पल्लवी म्हणाली. तिच्या गाडीत मागे बसून गेले. थंडगार हॉल. लांब टेबल, टेबलाभोवती सगळी खाती. पोलीस, अग्निशमन, आरोग्य, महसूल, वीज. प्रत्येकापुढे पाटी. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर ड्रायव्हर, शिपाई आणि मी. पल्लवीपुढे पाटी होती. तिने उभं राहून माझी घरं वाचली. माझी लखमीकाकी, माझा आजा, माझा दमेकरी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"गावपातळीवर एवढा बारीक अभ्यास कुणी करत नाही," सल्लागार साहेब म्हणाले.

"थँक यू सर," पल्लवी म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी बसल्या जागी जळाले. वाटलं, उठावं आणि ती फाईल तिच्या हातातून ओढून घ्यावी. त्या टाळ्या माझ्या होत्या. मला त्या हव्या होत्या, मी काही साधू-संत नाही.

मग पडद्यावर तक्ता आला. तीन रकाने. काम, जबाबदार कोण, साहाय्य कोणाचं. रस्ता अडवणं, पोलीस. आग विझवणं, अग्निशमन. गावाला इशारा देणं, ग्राम समन्वयक. एकेक ओळ वाचत मी आमच्या पाड्यापर्यंत आले. पाड्यापुढे जबाबदारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ग्रामपंचायत / कारखाना सुरक्षा विभाग'.

मधली ती तिरकी रेघ मी बघत राहिले. ती रेघ मी ओळखते. पाइप फुटला की ग्रामपंचायत म्हणते वसाहतीचा, वसाहत म्हणते ग्रामपंचायतीचा, आणि पाडा आठ दिवस कोरडा. दोन नावं लिहिली की दोघांनाही न यायची सोय होते. आमची चाळीस घरं त्या रेघेवर बसवली होती.

त्याच्या खाली आणखी एक ओळ. 'सुरक्षित ठिकाण, समाजमंदिर'. आता समाजमंदिर पाड्याच्या पूर्वेला. कारखाने पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. साहेब पाहणीला आले होते ते सकाळी. थंडीत सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो. जेवणं झाली की उलटतो, समुद्रावरून थेट आमच्या अंगावर येतो. मी सकाळ-संध्याकाळ त्या वाऱ्यात उभी असते. इथल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. साहेबांनी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे वारा मोजायचं यंत्र होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, दुपारी वारा फिरतो. सगळं समाजमंदिरावरच येईल. आणि पाड्याला सांगायला दोघांतलं कोण येणार?"

साहेबांनी चष्मा वर केला. "आपण कोणत्या खात्याकडून?"

"पाण्याच्या," मी म्हटलं.

सगळे हसले. माझ्या बाजूचा शिपाईसुद्धा हसला. पल्लवी घाईघाईने म्हणाली, "सर, ती माझ्याबरोबर आलीय. मदतीला." आणि मला हाताने खुणावलं, बस म्हणून. मी बसले. परत येताना गाडीत ती म्हणाली, "असं मध्येच बोलायचं नसतं गं. मला सांगायचंस, मी बोलले असते." तिला ते खरंच वाटत होतं. म्हणजे माझ्या तोंडचं तिच्या तोंडून गेलं की ते शहाणपणाचं होतं.

त्यानंतर ती तालीम झाली आणि मी रस्त्यावर मेले.

खरी गळती झाली ती थंडी सरता सरता, दुपारी तीनच्या सुमाराला. मी पाड्याच्या तोंडाशी व्हॉल्व्हच्या खड्ड्यातला गाळ काढत होते. आधी घशात खवखवलं, चुलीत मिरची पडल्यासारखं. मग डोळ्यांतून पाणी. वर बघितलं तर भिंतीपलीकडून पांढुरका धूर येत होता, खाली खाली, जमिनीला धरून. वारा समुद्राचा. भोंगा वाजायला लागला. पण पाड्यातून एक माणूस बाहेर आलं नाही. तो भोंगा पाळी सुटली तरी वाजतो, तपासायला म्हणूनही वाजतो. त्याच्याकडे कोण कान देतो.

कारखान्याच्या मागच्या गेटावर पळाले. तिथं कुणी नव्हतं. सुरक्षावाले आपल्या कामगारांना पुढच्या गेटाने काढत होते. त्यांच्या कागदात ते त्यांच्या नावावर होतं, ते त्यांनी चोख केलं. आमच्या ओळीत दोन नावं, म्हणून त्यांना वाटलं असेल ग्रामपंचायत बघेल. ग्रामपंचायतीला कुलूप, रविवार होता.

पल्लवीला फोन लावला. ती केळव्याला होती, नवऱ्याच्या पाहुण्यांना किनारा दाखवायला घेऊन गेलेली. मागून गाणी ऐकू येत होती.

"घाबरू नकोस," म्हणाली. "मी लगेच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते."

तिने टाकलं. 'सर्व ग्रामस्थांनी न घाबरता समाजमंदिरात जमावे. ग्राम समन्वयक.' मी ते वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पदर बालदीत बुडवून नाकाला बांधला. चावी उचलली आणि खांबावर ठोकायला लागले. तीन ठोके नाही. थांबलेच नाही. आणि काय झालं असेल सांगा. पाड्यातल्या बायका हंडे घेऊन धावत आल्या. दुपारी तीनला पाणी सुटलं म्हणून. एकमेकींना ढकलत, पुढचा नंबर धरायला. मला त्या धुरात हसू आणि रडू एकदम आलं.

"हंडे टाका," मी ओरडले. "वायू सुटलाय. माणसं काढा घरातनं. वीटभट्टीच्या मैदानात चला, वाऱ्याला आडवं."

"हा नवा हाय गं बाय," एक म्हातारी म्हणाली. "कसा टाकू?"

"घेऊन ये मग. पण पळ."

आजाला चौघांनी खाटेसकट उचललं. दमेकऱ्याला त्याच्या भावाने पाठुंगळी घेतलं. लखमीकाकीचं दार आतून लावलेलं, ती झोपलेली, तिला खांब काय नि भोंगा काय. तिचं नाव पल्लवीच्या फाईलमध्ये सुंदर अक्षरात होतं आणि फाईल केळव्याला गाडीत होती. मी चावी घालून कडी उचकटली. काकी दचकून उठली आणि चोर समजून तिने मला झाडूने दोन हाणले. मग तिला वास आला. मी तिचा हात धरला आणि ओढत नेली.

वीटभट्टीच्या मैदानात आम्ही बसलो तेव्हा मागे वळून बघितलं. धूर सरळ समाजमंदिरावर चालला होता, दोरी धरल्यासारखा. आणि आता मी जे सांगणार ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. पल्लवी चुकली, सगळ्या पाड्याच्या डोळ्यांदेखत चुकली, याचा आनंद. ती जॅकेटवाली, पाटीवाली, टाळ्यावाली. माझ्या छातीत जळत होतं, डोळे चुरचुरत होते, आणि मी मनात म्हणत होते, बघा, आता बघा.

तेवढ्यात भाऊ धापा टाकत आला. "ही कुठं हाय?" म्हणाला. "तुज्यासंग नाय?"

वहिनी नव्हती. पाड्यात सगळ्यांकडे तसले फोन नाहीत. वहिनीकडे आहे, ती बचत गटाचं बघते म्हणून. तिने ग्रुपवरचं वाचलं आणि शेजारच्या तीन बायकांना घेऊन, माझा खांब वाजायच्या आधीच घरातून निघून, समाजमंदिरात जाऊन बसली. दारं-खिडक्या उघड्या होत्या. त्या सांगितल्याप्रमाणे तिथंच बसून राहिल्या.

चौघी इस्पितळात गेल्या, पण जगल्या. तीन बायका आठवड्यात घरी आल्या. वहिनीला जास्त दिवस लागले. घरी आली ती आवाज घोगरा घेऊन. आता नळापर्यंत जाताना दोनदा बसते. हंडा मी भरून देते. मी तिला एकदा विचारलं, समोर धूर दिसत होता, तरी का गेलीस.

"लिवलेलं होतं ना," ती म्हणाली. "लिवलेलं हाय म्हटल्यावर खरंच असंल, वाटलं."

मला त्या मैदानातला माझा आनंद आठवला. त्याची शरम अजून जात नाही.

गळतीनंतर तीन दिवसांनी पेपरात फोटो आला. पल्लवी, जॅकेटमध्ये, पाड्याच्या तोंडाशी. 'समन्वयकांच्या प्रसंगावधानाने पाडा बचावला.' माझ्याच खांबाला टेकून उभी होती. पालघरला सत्कार ठरला, शाल, श्रीफळ. मी तो पेपर चुलीत घातला. मग दुसऱ्याच्या घरून आणून पुन्हा बघितला. अशी मी.

दहा-बारा दिवसांनी ती घरी आली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. वहिनी तेव्हा इस्पितळातून नुकतीच आलेली, आत पडून खोकत होती.

"अहवाल जायचाय वर," पल्लवी म्हणाली. "साक्षीदार म्हणून सही कर. तुझं पण घातलंय बघ."

मी वाचलं. 'ग्राम समन्वयकांनी वेळेत इशारा दिला. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने त्यांच्या सूचनेनुसार साहाय्य केले.' नाव नव्हतं माझं. कर्मचारी. मी पुढे वाचत गेले. शेवटी एक ओळ होती. 'काही व्यक्तींनी सूचनांचे पालन न केल्याने त्यांना श्वसनाचा त्रास झाला.'

ती ओळ मी तीनदा वाचली. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

"पल्लवी," मी म्हटलं, "ह्या चौघींनीच तर पालन केलं. बाकी पाड्याने नाही केलं, म्हणून पाडा वाचला."

"अगं, ती तांत्रिक भाषा असते." तिने पिशवी पुढे केली. "हे बघ, तुझ्यासाठी आणलंय. साहाय्यक समन्वयक. काकांना सांगून नव्या आराखड्यात टाकून घेते."

पिशवीत जॅकेट होतं. नारिंगी, कोरं, घडीचं. माझा हात गेला त्याच्यावर. खोटं कशाला बोलू. चेन वर-खाली करून बघितली. तालमीपासून मी त्या कपड्यावर जळत होते. पाड्यातून ते घालून चालले असते तर बापूस ओट्यावर ताठ बसला असता. सही केली असती की माझं होतं ते.

मी घडी घालून पिशवीत ठेवलं. "सही नाही करणार," म्हटलं.

पल्लवीचा चेहरा बदलला. "माहितीय मला," ती म्हणाली. "शाळेपासून जळतेस तू माझ्यावर."

"हो. जळते."

तिला वाटलं होतं मी नाही म्हणेन. मलाही वाटलं होतं. पण तोंडातून गेलं आणि अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. एवढी वर्षं मी हा हेवा चोरीच्या मालासारखा लपवून ठेवला. आपण हलकट, आपल्याला दुसऱ्याचं बघवत नाही, असं स्वतःलाच सांगत राहिले. मला वाटायचं मला तिचे मोजे हवेत. मग वाटलं अक्षर हवं. मग जॅकेट. त्या दिवशी तो कागद हातात धरून मला कळलं की मला यातलं काहीच नको होतं. तिचा शब्द लिहिला जातो. चुकला तरी लिहिला जातो, आणि चूक आमच्या माणसाच्या नावावर लागते. माझा शब्द बरोबर असला तरी तो तिच्या सूचनेनुसार होतो. मला तो रकाना हवा होता. आणि तो हवा असण्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण तो आमचाच होता.

"साहाय्यक नको," मी म्हटलं. "पाड्याच्या ओळीत एकच नाव पाहिजे. माझं. जबाबदारीच्या रकान्यात. आणि चौघींची ओळ बदल, सूचना कुणाची होती ते लिही."

ती आधी हसली. मग जवळ सरकली आणि हळू बोलली. खरंच काळजीने बोलली, ते मी नाकारत नाही.

"वेडी आहेस का तू? त्या रकान्यात नाव म्हणजे काय, कळतं तुला? उद्या कुणी दगावलं तर चौकशीत पहिलं तुला उभं करतील. माझ्यामागे काका आहेत. तुझ्यामागे कोण आहे?"

मी पिशवी तिच्या हातात दिली. ती गेली.

दोन दिवसांनी ग्रामसेवकाने बोलावून सांगितलं, "मानधनावरच्या माणसाने जपून राहावं." बापूस म्हणाला, "काढून टाकतील तुला, बाय." मी म्हटलं, काढू देत. नवा माणूस आणतील, तो एक दिवस पाड्याला पाणी सोडून दाखवू दे. मग मी वही घेऊन बसले. माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात चार पानं लिहिली. सकाळचा वारा कुठला, दुपारचा कुठला. भोंगा वाजला तेव्हा गेटावर कोण होतं, कोण नव्हतं. समाजमंदिराचा निरोप कुणी पाठवला आणि तो ऐकून कोण गेलं. चौघींची नावं लिहिली. वहिनीने सही केली, बाकीच्या तिघींनी केली, लखमीकाकीने अंगठा दिला. बसने पालघरला गेले, कागद दिला, पोच म्हणून शिक्का घेतला. टेबलावरचा माणूस म्हणाला, "ठेवून जा." मी शिक्का मिळेपर्यंत हलले नाही.

पाड्यात आम्ही बसलो होतो परवा. चाळीस घरांनी ठरवलंय, पाड्याच्या ओळीत पाड्यातलं नाव येईपर्यंत तालमीला कुणी जायचं नाही. मरायला त्यांनी त्यांची माणसं आणावीत.

आराखड्याची फेरबैठक पुढच्या आठवड्यात आहे. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसणार नाही. त्या रकान्यात नाव म्हणजे काय ते कळतं का, असं पल्लवीने मला घाबरवायला विचारलं, त्याचं उत्तर मी तिथं टेबलासमोर उभी राहून देणार आहे. आजवर पाड्यात कुणी मेलं, कुणाची छाती गेली, तर जाब विचारायला समोर कुणाचं नावच नसायचं. आता असू दे. माणूस दगावला तर मला उभं करा. मला विचारा, मला धरा, मला आत टाका. तेच मागायला येतेय मी. लिहा माझं नाव.